ताईचा तारा आणि दाजींचे तीन मेमो

माझी ताई धाग्याच्या कारखान्यात शेड जुळवण्याचं काम करायची. आपण दुकानात दोऱ्याचं रीळ कापडाशेजारी धरतो आणि म्हणतो, हं, हाच निळा. तो निळा 'हाच' असतो, कारण कुठेतरी एका खोलीत बसून कोणीतरी या महिन्याचा निळा मागच्या महिन्याच्या निळ्याशी ताडून पाहिलेला असतो. आमच्याकडे ती खोली ताईची होती. तिच्या सहीशिवाय रंगवलेल्या धाग्याचा एकही लॉट कारखान्याबाहेर जात नसे.

खोलीच्या भिंती राखाडी, टेबल राखाडी आणि ताईच्या अंगावरचा कोटही राखाडी. खिडकी एकच आणि तीही उत्तरेची, कारण उत्तरेचा उजेड दिवसभरात फारसा रंग बदलत नाही. एकदा मालकांचे जावई लाल स्वेटर घालून खोली बघायला आले. ताईने त्यांना दारातच थांबवलं आणि खुंटीवरचा जादा कोट पुढे केला. त्यांच्या स्वेटरचा लाल रंग तिच्या पांढऱ्या धाग्यावर पडत होता, असं तिचं म्हणणं. जावई तोंड वाकडं करून गेले. मालकांनी मात्र त्या वर्षी तिचा पगार वाढवला. मी त्याच कारखान्यात माल पाठवण्याच्या विभागात कारकून होतो, त्यामुळे हे मला ऐकून नाही, पाहून ठाऊक आहे.

तिचा कामाचा एक नियम होता. कोणत्याही रंगाकडे पाच मोजेपर्यंतच बघायचं, मग नजर उचलून शेजारच्यावर न्यायची, मग भिंतीवर. एकाच रंगावर नजर टेकून राहिली की ती लाडावते आणि जे समोर आहे ते सोडून हवं तेच दाखवते, असं ती शिकाऊ मुलींना सांगायची. शेड जुळवणं म्हणजे एका रंगाकडे टक लावणं नाही. दोघांकडे बघायचं आणि त्यांच्यातला फरक ओळखायचा.

संध्याकाळी घरी आली की ती डोळ्यांना विश्रांती म्हणून गच्चीवर उभी राहायची. ती आणि दाजी सर्वांत वरच्या मजल्यावर राहायचे, मी खालच्या. त्यांच्या बैठकीच्या खोलीतून दार उघडलं की थेट गच्ची. दूर बघितलं की डोळे सैल होतात, आणि आभाळापेक्षा दूर काय असणार? ती सत्तावीस वर्षांची असताना, थंडीतल्या एका संध्याकाळी, तिने मला वर बोलावलं. शर्मिष्ठा तारकासमूहातल्या पाच ताऱ्यांच्या खालच्या बाजूचा एक तारा दाखवून म्हणाली की हा परवा शेजारच्या देवयानीच्या टोकाच्या ताऱ्याइतका होता, आज दीड शेड फिका आहे.

मी म्हणालो, ढग असेल. ती म्हणाली, ढग असता तर शेजारचेही फिके झाले असते. दाजी आतून म्हणाले की आता आभाळालाही नापास करू नकोस, नाहीतर परत रंगवून आणायला सांगशील.

पुढच्या रविवारी मी वाचनालयात गेलो. पुस्तकात तो तारा सापडला. त्याचं नाव अल्गोल, आणि तो एक नसून जोडी आहे हे कळलं. दोन तारे एकमेकांभोवती फिरतात. त्यातला एक लहान पण खूप तेजस्वी, दुसरा मोठा पण मंद. दर दोन दिवस, वीस तास आणि एकोणपन्नास मिनिटांनी मंद तारा तेजस्वी ताऱ्याच्या पुढून जातो, तेव्हा आपल्याला त्यांचा उजेड कमी झालेला दिसतो. उतरायला पाच तास, चढायला पाच तास. शेकडो वर्षांपूर्वीच लोकांनी हे टिपून ठेवलं होतं.

हे ताईला सांगताना मला वाईट वाटत होतं. तिचा शोध आपण हिरावून घेतोय असं वाटत होतं. तिने सगळं ऐकलं आणि म्हणाली, "म्हणजे मी बरोबर होते." बस्स. मग तिने दाजींना समजावून सांगायला दोन रिळं घेतली, एक लहान पांढरं आणि एक मोठं तपकिरी, आणि एकमेकांभोवती फिरवली. दाजी उंच, रुंद आणि सावकाश चालणारे. ताई त्यांच्या खांद्यालाही लागत नसे. दाजींनी रिळांकडे पाहिलं आणि म्हणाले, कळलं, आपल्याच घरासारखं आहे, मी मध्ये आलो की अंधार.

तेव्हापासून तीस वर्षं ताईने त्या ताऱ्याचा पाठपुरावा केला. आमच्याकडे हौशी आकाशनिरीक्षकांचं एक मंडळ होतं. शाळेतले विज्ञानाचे मास्तर ते चालवायचे. तारा सर्वांत फिका नेमका किती वाजता होतो, याच्या वेळा ते गोळा करायचे. त्यांची एक पद्धत मला फार आवडायची. तारा कोणत्या संध्याकाळी फिका होणार ते ते कळवायचे, पण किती वाजता होणार ते नाही. वेळ ठाऊक असली की डोळा आपोआप त्या वेळेला फिकं बघतो. ताईला हे पटवून द्यावं लागलं नाही. तिच्या खोलीतही लॉटच्या नंबरांच्या चिठ्ठ्या उलट्या घालूनच ठेवलेल्या असायच्या.

आमची कामाची विभागणी अशी होती. ताई गच्चीवर उभी राहायची. मी दाराशी खुर्ची टाकून बसायचो, मांडीवर वही, लाल कागद गुंडाळलेला छोटा दिवा, आणि समोर भिंतीवर घड्याळ. तारा उतरताना एका ठरावीक शेजाऱ्याइतका झाला की ताई म्हणायची, "आता." मी घड्याळात बघून वेळ लिहायचो. मग ती गरम काहीतरी प्यायची, इकडे तिकडे फिरायची, आणि चढताना तो पुन्हा त्याच शेजाऱ्याइतका झाला की दुसऱ्यांदा "आता." दोन्ही वेळांचा मध्य म्हणजे ताऱ्याची सर्वांत फिकी घडी. ती स्वतः घड्याळाकडे कधीच बघत नसे, उजेडाने नजर बिघडते म्हणून. वहीकडेही बघत नसे, जुने आकडे डोक्यात राहतात म्हणून. महिन्याचे आकडे मी सुवाच्य अक्षरात उतरवून मास्तरांकडे पाठवायचो. वर्षाला सात-आठ संध्याकाळी धरून तीस वर्षांत दोनशे चौदा नोंदी झाल्या.

आता त्या घड्याळाबद्दल सांगायला हवं. दाजी टपाल कचेरीत होते. माणूस लाखमोलाचा, पण वेळेवर पोचणं त्यांच्या कुंडलीत नव्हतं. उशिरा येण्याबद्दल साहेबांनी लेखी मेमो दिला, तेव्हा दाजींनी घरचं घड्याळ काही मिनिटं पुढे करून ठेवलं. अशी घड्याळं पुष्कळ घरांत असतात. घरातल्या सगळ्यांना ते ठाऊक असतं, आणि तरीही त्याला बघून सगळे घाई करतात. दाजींचा आळसही शिस्तीचा होता. दर रविवारी सकाळी ते घड्याळ रेडिओच्या ठोक्यावर बरोबर लावायचे आणि मगच ठरलेली मिनिटं पुढे सारायचे.

ताई सत्तावन्न वर्षांची असताना, मंडळाच्या तीस वर्षांच्या नोंदींची एक पुस्तिका काढायचं मास्तरांनी ठरवलं. एका गुरुवारी संध्याकाळी ते घरी आले. हातात कागदांची गुंडाळी होती, पण बराच वेळ त्यांनी ती उलगडली नाही. दाजींच्या निवृत्तीची चौकशी केली, गच्चीवरच्या कुंड्यांची केली. शेवटी ताईनेच विचारलं की मास्तर, रंग उडालाय ना एखादा, सांगून टाका.

मास्तरांनी खाली मान घालून सांगितलं. बाकी सगळ्यांच्या वेळा गणितातल्या वेळेच्या थोड्या अलीकडे-पलीकडे पडत होत्या. ताईच्या फक्त पलीकडेच पडत होत्या. पहिल्या दहा वर्षांत सरासरी पाच मिनिटं उशिरा, पुढच्या दहांत नऊ, आणि शेवटच्या दहांत बारा. उशीर वयाबरोबर वाढत गेला होता. नजर मंदावली असावी, यात कोणाचा दोष नाही, असं ते म्हणाले. पुस्तिकेत तिच्या नोंदी घेता येणार नव्हत्या. खरं तर हे त्यांना वीस वर्षांपूर्वीच दिसलं होतं, पण भिडेपोटी बोलले नव्हते.

दाजी म्हणाले, अहो, हौसेची गोष्ट ती, मनावर कशाला घ्यायची.

ताई जराही चिडली नाही. तिने मास्तरांचा तक्ता दोनदा वाचला, मध्ये पाच मोजून भिंतीकडे बघितलं, आणि घडी घालून परत दिला. मग जे बोलली ते मला शब्दन् शब्द आठवतं.

"मास्तर, जी नजर ताऱ्याला चुकते ती दोऱ्यालाही चुकणार. माझ्याकडे काही दोन नजरा नाहीत. तारा पुन्हा कधी आहे?"

मास्तर म्हणाले, शनिवारी संध्याकाळी. वेळ सांगणार होते, तिने हात वर करून थांबवलं. वेळ पाकिटात घालून आणा, म्हणाली. शनिवारी शाळेच्या गच्चीवर, मंडळाच्या चारचौघांत, ती बघणार होती. नजर उशिरा पकडते असं ठरलं, तर सोमवारी शेडच्या खोलीची किल्ली मालकांच्या हातात देणार होती. निवृत्तीला तीन वर्षं होती आणि घरात आता तिचाच पगार होता. ताईने एकदा ठरवलं की तिच्याशी वाद घालणं म्हणजे पक्क्या रंगाला साबण लावणं, हे दाजींना ठाऊक होतं.

शुक्रवारी मी जेवलो नाही. ताईने मात्र कारखान्यात अकरा लॉट तपासले, त्यांतले दोन परत पाठवले, आणि आपलं टेबल नेहमीसारखं पुसून ठेवलं. तिची भीती मला कुठेच दिसली नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाली की चूक असेल तर कळायलाच हवी, आणि नसेल तर घाबरायचं कशाला, दोन्हीकडून आपण नफ्यात.

शनिवारी आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ होतं. शाळेच्या गच्चीवर मंडळाचे सात-आठ लोक जमले. त्यांतले तिघे वेळा घेणार होते, चौथी ताई. वेळ सांगायला मास्तरांचं मनगटी घड्याळ होतं, रेडिओवर लावून आणलेलं. पाकीट पाण्याच्या टाकीवर दगडाखाली ठेवलं होतं. मी नेहमीसारखा वही घेऊन पायरीवर बसलो.

ताई दोन्ही हात कोटाच्या खिशात घालून उभी होती. तारा, शेजारी, अंधार. पुन्हा तारा, शेजारी, अंधार. बाजूला उभे असलेले दोघे आपसात कुजबुजत होते, आता का, अजून नाही का. तिने कोणाकडे वळून पाहिलं नाही. "आता," म्हणाली. मास्तरांनी वेळ सांगितली, सहा अठ्ठावन्न. मी लिहिली.

मग अडीच तासांच्या वर वाट बघायची होती. दाजी चहाचा थर्मास घेऊन साडेसातला येणार होते, ते सव्वाआठला आले. तोवर तारा अगदी फिका झाला होता. दाजींनी वर पाहिलं आणि सगळ्यांना कप वाटत म्हणाले, मी पोचलो त्याच वेळेला अंधार झालेला दिसतोय. ताईला पहिल्यांदा हसू आलं.

नऊ छत्तीसला तिचं दुसरं "आता" आलं.

मी वहीत मध्य काढला. आठ सतरा. दोनदा ताडून पाहिला. बाकी तिघांचे मध्य निघाले आठ सहा, आठ एकोणतीस आणि आठ चोवीस. मास्तरांनी दगड उचलला, पाकीट फोडलं आणि दिव्याखाली कागद धरला. त्यावर लिहिलं होतं, आठ पंधरा.

मास्तरांनी कागद सगळ्यांना दाखवला. चौघांत ताईची वेळ सर्वांत जवळ होती, अवघा दोन मिनिटांचा फरक. ते आनंदले होते आणि गोंधळलेही होते. आज इतकं नेमकं, मग शेवटच्या दहा वर्षांत बारा मिनिटं उशीर कसा, असं ते पुन्हा पुन्हा म्हणत होते.

ताईने मान माझ्याकडे वळवली. मी तेव्हा पन्नाशी ओलांडली होती, पण तिच्यासाठी छोट्याच.

"छोट्या, आज सवयीने बारा वजा तर केले नाहीस ना? हे मास्तरांचं घड्याळ आहे हं."

"कसले बारा?" मी विचारलं.

"अरे कसले म्हणजे? आपलं घड्याळ बारा मिनिटं पुढे असतं ते. तू वजा करूनच पाठवतोस ना?"

मला ते घड्याळ पुढे आहे हे ठाऊक होतं. घरात कोणाला ठाऊक नव्हतं? पण मी फक्त लिहिणारा. घड्याळात दिसेल ते लिहायचं आणि पुढचं हुशार माणसं बघून घेतात, अशी माझी समजूत. ताई आणि मास्तर मिळून वजाबाकी करत असतील असं मी तीस वर्षं धरून चाललो होतो. ताई धरून चालली होती की मी करतो. आणि मास्तरांना तर घड्याळ पुढे असतं हेच माहीत नव्हतं. एकदा, पहिल्या एक-दोन वर्षांनंतर, विचारावं असं मनात आलं होतं. पण एवढी साधी गोष्ट विचारली तर हसतील, म्हणून गप्प बसलो. भीड ही भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही. मास्तरांची भीड आणि माझी भीड यांनी मिळून माझ्या बहिणीची नजर अधू ठरवत आणली होती.

हे सगळं मी तिथे उभं राहून सांगितलं. चारचौघांत इतकं लांब मी आयुष्यात बोललो नव्हतो. ताईने कपाळावर हात मारला आणि मग इतकी हसली की तिला पायरीवर बसावं लागलं.

मास्तर मात्र हसले नाहीत. ते खरे शिक्षक होते. त्यांनी विचारलं की घड्याळ सुरुवातीपासून बाराच मिनिटं पुढे होतं का, कारण त्यांच्या तक्त्यात आधी पाच आहेत, मग नऊ. सगळ्यांनी दाजींकडे पाहिलं. दाजी थर्मासचं झाकण लावत होते.

"छे, बारा तिसऱ्या मेमोपासून," ते म्हणाले. "दुसऱ्याला नऊ केलं होतं. पहिल्याला सहा. त्याच्या आधी बरोबरच होतं की, म्हणून तर मेमो आला."

रविवारी सकाळी मास्तर वह्या घेऊन घरी आले. दाजींनी कपाटावरचा बिस्किटांचा डबा काढला. त्यात लग्नातला एक फोटो, दोन चाव्या आणि तीन मेमो होते, प्रत्येकावर तारीख आणि साहेबांची सही. एवढ्या वर्षांत त्यांनी ते कोणाला दाखवले नव्हते, फाडलेही नव्हते. मास्तरांनी दहा-दहा वर्षांची सरासरी काढली होती, म्हणून त्यांना हळूहळू मंदावत गेलेली नजर दिसली. आता आम्ही एकेक नोंद वाचत गेलो. पहिली दोन वर्षं उशीर नव्हताच. मग एका महिन्यापासून एकदम सहा मिनिटं आणि कित्येक वर्षं सहाच्याच आसपास. मग नऊ. मग बारा. तो उतार नव्हता, जिना होता. आणि जिन्याची प्रत्येक पायरी दाजींच्या मेमोच्या महिन्यातच पडत होती.

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले की बाई, तुमच्या नोंदींवरून तुमच्या यजमानांना मेमो कधी मिळाले हे कोणालाही शोधून काढता येईल, अशी नजर मी पाहिली नाही. दाजी म्हणाले, बरं झालं साहेबांना खगोलशास्त्र येत नव्हतं.

ताईने तिन्ही कागद एकाखाली एक लावले आणि बोट फिरवत तारखा पुन्हा वाचल्या. मग मास्तरांना म्हणाली, "लॉट पास करा."

दोनशे चौदाच्या दोनशे चौदा नोंदी पुस्तिकेत आल्या. खाली बारीक अक्षरात मास्तरांनी टीप टाकली: निरीक्षकाच्या घरचे घड्याळ पुढे होते, फरक टपाल खात्याच्या मेमोंवरून दुरुस्त केला आहे. ती पुस्तिका दाजी पाहुण्यांना आवर्जून दाखवायचे आणि त्या ओळीवर बोट ठेवायचे. तेवढा एकच छापील उल्लेख त्यांच्या नोकरीचा झाला.

सोमवारी सकाळी ताई किल्ली घेऊन गेली आणि संध्याकाळी किल्ली घेऊनच परत आली. पुढे तीन वर्षं तिने सह्या केल्या. नंतर तिच्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला, तेव्हा पट्टी सुटल्यावर ती डॉक्टरांना म्हणाली की या डोळ्याचा पांढरा उजव्यापेक्षा पाव शेड निळा आहे. डॉक्टर म्हणाले, तसं होतं, पण इतकं मोजून कोणी सांगत नाही.

आता ती एकोणऐंशीची आहे. दाजी खुर्चीत बसून पाय शेकत असतात. त्यांना कुठेच जायचं नसतं, तरी घड्याळ बारा मिनिटं पुढेच आहे. मी एकदा ते बरोबर लावू का म्हणून विचारलं. ताईने नको म्हटलं. घड्याळाने काही लबाडी केलेली नाही, म्हणाली, ते पुढे आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे, ज्याने लिहायचं त्याने बोलायला शिकावं.

परवा तारा संध्याकाळी फिका होणार होता. ती गच्चीवर उभी राहिली, मी दाराशी बसलो.

"आता," ती म्हणाली.

"सात बावन्न," मी मोठ्याने वाचलं. "वजा बारा, सात चाळीस."

"मोठ्याने," आतून दाजी म्हणाले. "मला ऐकू आलं नाही."

मी पुन्हा वाचलं, आणि मग लिहिलं.